टाकून दिलेलं

"पोट्टी बोलत नाई, हे एक बेस झालं. आपल्या घराले बोलणारी चाललीच नसती."

मनकर्णाबाई हे आपल्या नवऱ्याला सांगत होत्या आणि मध्ये डालड्याच्या रिकाम्या डब्यांची भिंत होती. भिंतीच्या अलीकडे त्यांची नवी सून, सुरभी, उभी होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. तिला चहाची गाळणी हवी होती. या घरात गाळण्या चिक्कार होत्या, पण आतापर्यंत हाती लागलेल्या प्रत्येक गाळणीला भोक होतं, म्हणजे गाळणीला असावीत त्याहून बरंच मोठं. पलीकडून नत्थूजींचं, सासऱ्यांचं, नुसतं 'हं' ऐकू आलं.

सुरभी चवड्यांवर मागे फिरली. तिच्या न बोलण्याची आजवर सगळ्यांनी तक्रारच केली होती. एकदा बघायला आलेल्या मुलाच्या मामाने तर 'मुकी त नाई ना?' असं तिच्यासमोरच विचारलं होतं. कौतुक पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. तिने ते मुकाट घेतलं आणि चहा फडक्याने गाळला.

सिंदी रेल्वेच्या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर ते घर. बाहेरून पाहाल तर चारचौघांसारखं: लोखंडी गेट, तुळस, शहाबादी फरशीचा ओटा. आत शिरलात की मात्र घर संपायचं आणि सामान सुरू व्हायचं. रद्दीचे गठ्ठे, सरकीची रिकामी पोती, झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं, मेलेल्या माणसांचे एक्स-रे, एकेकट्या चपला, बंद पडलेले मिक्सर, गुंडाळून ठेवलेली जुनी कॅलेंडरं. एका कपाटात नुसत्या किल्ल्या होत्या, त्या कुठल्या कपाटांच्या ते कोणालाच माहीत नव्हतं. या सगळ्यातून एका माणसापुरती पायवाट होती. समोरून सासरे आले की सुनेने पोत्यांना पाठ लावून उभं राहायचं. पदर घेण्यापेक्षाही हा मान मोठा, असं तिला वाटे.

नव्या जोडप्याला झोपायला बैठकीतला कोपरा मिळाला होता. आडोसा म्हणून एक कपाट तिरपं करून लावलेलं. कपाटाच्या पलीकडे सासऱ्यांची खाट. नत्थूजी जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले. कापसाचं तूस छातीत जन्मभर साठलेलं. ते खोकले की कपाटाची काच थरथरायची. लग्नाआधी धीरज म्हणाला होता की मागे एक खोली आहे, तिला दार आहे, कडी आहे, मृग लागायच्या आत ती आपल्याला रिकामी करून घेऊ. सुरभीने नवऱ्याच्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल फारसं काही विचारलं नव्हतं. त्या खोलीच्या भरवशावर मात्र ती या घरात आली होती.

लग्नानंतर ती खोलीचं नाव काढायची तेव्हा धीरज 'पाहू' म्हणायचा आणि कामावर जायला बुटीबोरीची गाडी पकडायला निघून जायचा.

म्हणून तिने स्वतःच सुरुवात केली. मोबाइलवर एक बाई पसारा कसा आवरावा ते शिकवायची. वस्तू दोन्ही हातांत धरा आणि तिला विचारा, तू मला आनंद देतेस का. सुरभीने पाय तुटलेली प्लास्टिकची खुर्ची दोन्ही हातांत धरली. खुर्चीने काही उत्तर दिलं नाही. सासू देवळात गेली होती. भोंगा लावलेला भंगारवाला गल्लीत आला होता. सुरभीने खुर्ची आणि कूलरचा गंजका पत्रा त्याच्या गाडीवर टाकला आणि पायवाट वीतभर रुंद झाल्याचा आनंद तिला खरोखरच झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कडी वाजली.

वर्ध्याकडची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली असेल त्यालाच ती दुपार कळेल. रस्त्यावर कुत्रंही नसतं. दारं-खिडक्या लावून, पडदे ओले करून घर रात्रीसारखं काळं करायचं आणि कूलरच्या घरघरीत पडून राहायचं. त्या अंधारात कडी वाजली तेव्हा मनकर्णाबाई उठून बसल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नत्थूजींच्या हातात पेपर होता. त्यांनी पान उलटलं नाही. सुरभीला वाटलं, वर्गणीवाले असतील. बऱ्याच वेळाने सासूने दार उघडलं आणि ओट्यावरून तोच पत्रा आणि तीच खुर्ची आत आणली. पदराने पुसून. पुसूनही खुर्ची ओलीच होती.

सुरभीने मनातल्या मनात सासूला मानलं. भंगारवाल्याला गाठून, सौदा करून, धुऊन परत आणली म्हणजे कमालच झाली. मग तीही इरेला पेटली.

पुढची संधी भांडेवालीने दिली. डोक्यावर चकचकीत भांड्यांची टोपली घेऊन ती जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. मनकर्णाबाई न्हाणीत होत्या. सुरभीने मागच्या खोलीचं दार जेमतेम हात जाईल एवढं ढकललं, कारण त्याहून ते उघडतच नव्हतं, आणि दाराआडच्या पेटीतून हाताला लागले ते कपडे ओढून काढले. त्यात एक हिरवं लुगडं होतं, काठाला विटलेलं, दंड घालून जोडलेलं. भांडेवालीने नाक मुरडलं, लुगडं उलटंपालटं केलं, बऱ्याच घासाघिशीनंतर एक स्टीलचा डबा दिला. झाकणासकट. या घरात झाकण बसणारा तो पहिलाच डबा असावा. सुरभीने तो स्वयंपाकघरातल्या फळीवर मागे सारून ठेवला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा कडी.

या वेळी ती दाराच्या अगदी जवळ होती, कपाटाआडच्या आपल्या कोपऱ्यात. कूलरचं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा खरखरत होता. दाराच्या फटीतून उन्हाची एक पांढरी रेघ आत आली होती आणि त्या रेघेत कोणाची तरी सावली उभी होती. वास आला. भिजलेली सरकी कुबट झाली की येतो तसा, आंबूस, गोडसर.

"बाई..." बाहेरून आवाज आला. म्हातारा, नम्र आवाज. दुसऱ्याच्या दारात उभं राहायची सवय असलेला. "तुमचंच हाये ना हे?"

आत कोणी हललं नाही.

"रस्त्यात पडलं होतं... मी म्हनलं, वाया जाईन..." मग अजून हळू, "येऊ का आत?"

सुरभी सवयीने उठली. दारात कोणी काही विचारलं तर उत्तर द्यावं, एवढं तरी तिच्या आईने तिला शिकवलं होतं. पण कपाटाच्या कडेने एक हात आला आणि तिच्या तोंडावर बसला. सासूचा हात. गार, घामेजलेला. तो हात बाहेरची सावली उन्हाच्या रेघेतून सरकेपर्यंत तसाच होता.

ओट्यावर कपड्यांचं बोचकं होतं. प्रत्येक कपडा धुतलेला, घडी घातलेला, सगळ्यात वर हिरवं लुगडं. एवढ्या उन्हात ज्याला ओलं राहणं शक्य नव्हतं, त्याच्यातून पाणी गळत होतं. सुरभी स्वयंपाकघरात धावली. फळीवर डबा नव्हता. व्यवहार चोख होता. कपडे परत, डबाही परत.

मनकर्णाबाईंनी मग लुगडं पिळत पिळत तिला सगळं सांगितलं. भाजी कशी करायची ते सांगावं तसं. नत्थूजींची थोरली बहीण होती, पर्वताआत्या. नवऱ्याने टाकलेली, म्हणून भावाच्या घरी राहिलेली. तिला एकच सवय. घरातून काही बाहेर फेकलं की ती मागोमाग जायची आणि उचलून आणायची. तुटका कंगवा, फाटकी छत्री, सायकलची ट्यूब. धुऊन, पुसून, 'हे आपलंच हाये ना?' म्हणून दाखवायची. पुढे डोकं फिरत गेलं तसं शेजाऱ्यांचंही आणायला लागली. लोकांच्या चपला, लोकांचे लोटे. तिला पाहिलं की गल्लीतली पोरं मुद्दाम दगड फेकून 'हे तुमचंच हाये' म्हणायची. धीरज दहावीला होता तेव्हा. घराची शोभा व्हायला लागली. मग एका दुपारी नत्थूजींनी तिला स्टेशनवर नेलं, नागपूरकडच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसवलं, पाणी घेऊन येतो म्हणून उतरले आणि गाडी जाऊ दिली. गावात सांगितलं, आश्रमात ठेवली.

"अन् मंग?" सुरभीने विचारलं. या घरात आल्यापासून तिने विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न.

मग तिची वाकळ नदीवर नेऊन टाकली, ती वाकळ परत आली. आधी टाकलेलं गेटपाशी सापडायचं. मग ओट्यावर. मग कडी वाजायला लागली. जे जे घराबाहेर काढलं ते ते दुसऱ्या दुपारी दारात. एकेका वस्तूगणिक ती एकेक पाऊल जवळ आली, तेव्हा यांनी टाकणंच बंद केलं. काही टाकलंच नाही तर तिला यायला निमित्त नाही. इतक्या वर्षांत चिंधी बाहेर गेली नाही.

"आमी काई वाईट नाई केलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साऱ्याच घरी असंच करते. कोनी सांगते, कोनी सांगत नाई. घरच्या मानसानं 'ये' म्हनल्याबिगर तिले येता येत नाई. आमी नाई म्हनत. तूबी म्हनजो नोको. आधीची एक जुळत आली होती धीरजची, लय वटवट करे. तिनं दुसऱ्याच दिवशी कोनाले बी 'या बसा' म्हनलं असतं."

तेव्हा सुरभीला डब्यांच्या भिंतीआडून ऐकलेल्या कौतुकाची किंमत कळली. कुलूप घेताना जशी त्याची कडी ओढून पाहतात तसं तिला पाहून घेतलं होतं.

"अन् ते मागची खोली?" तिने विचारलं.

"तिचीच होती," सासू म्हणाली. "म्हनून त भरून टाकली. आलीच एखाद्या दिवशी, त बसंन कुठं?"

संध्याकाळी धीरज आला तेव्हा ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तो बूट काढता काढता थांबला. आईने सांगितलं असेल, हे त्याला कळलं. तो म्हणाला की लहानपणी आत्यानेच त्याला भरवलं होतं, मांडीवर झोपवलं होतं. मग म्हणाला की तू मनावर घेऊ नको, सवय होते, दुपारचा मी तर घरी नसतोच. हे शेवटचं त्याने दिलासा म्हणून सांगितलं. रात्री कपाटाच्या पलीकडे सासरे खोकत राहिले आणि सुरभी डोळे उघडे ठेवून विचार करत राहिली, की जी खोली तिला हवी होती तीच दारातल्या बाईलाही हवी होती, आणि या घराने दोघींनाही ती द्यायची नाही असं ठरवलं होतं. घर भरलेलं राहील. तिची पोरं याच पायवाटेवर रांगतील. कोणी विचारलं तर ती ओठांवर बोट ठेवील, पोरांनाही ठेवायला शिकवील. आणि म्हातारपणी तिलाही कोणी तरी खिडकीची जागा देईल.

हिंगणीला नात्यात साक्षगंध होतं, साखरपुडाच तो. सुरभीने ऊन लागल्याचं सांगितलं आणि घरी राहिली. बाकीच्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली तशी तिने भंगारवाल्याला हाक मारली. त्याने मदतीला भाऊ आणला, मग दुसरी गाडी आणली. मागच्या खोलीचं दार बिजागरीवरून उचलून काढावं लागलं. आतून पोती निघाली, पोत्यांतून पोती निघाली, पलंगाचे माचे, फुटके रांजण, कडक झालेल्या गाद्या. ती कशालाही हातात धरून काही विचारत बसली नाही. संध्याकाळपर्यंत खोली मोकळी झाली. एक खिडकी निघाली. खोलीला खिडकी आहे हे धीरजही विसरला होता. सुरभीने फरशी धुतली, खिडकी उघडली, कोपऱ्यात चटई टाकली. तिथे ती थोडा वेळ बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पाय लांब करता आले.

परत आल्यावर घरच्यांनी खोली पाहिली. तिला वाटलं होतं, सासू कपाळ बडवून घेईल. मनकर्णाबाई उंबऱ्यात बसल्या आणि रिकाम्या भिंतींकडे अशा बघत राहिल्या की जणू तिथे कोणी तरी आधीच बसलंय. नत्थूजी आत डोकावले नाहीत. धीरज 'तू काऊन...' एवढंच म्हणाला. रात्री त्या खोलीत झोपायला तो आला नाही. कपाटाआडच्या कोपऱ्यातच राहिला.

दुसरा दिवस रविवार. धीरज घरी होता. दुपारी स्वयंपाकघरात चौघांची पानं मांडली. तुरीचं वरण, पोळ्या, आंब्याचा रस. सगळ्यांना माहीत होतं, टाकलेलं परत यायचं आहे. मनकर्णाबाईंनी सकाळीच ओटा मोकळा करून ठेवला होता, एवढं सामान परत आलं तर मावावं म्हणून. पोटात भीती असताना माणसाने एवढी तजवीज करावी, याचं सुरभीला हसू येऊन गेलं.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. लांब एक मालगाडी गेली, तिचा आवाज विरला आणि मग काहीच उरलं नाही.

कडी वाजली.

नत्थूजींचा घास हातातच राहिला. रस त्यांच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत गेला, तो त्यांनी पुसला नाही.

"बाई..." आवाज आला. आता तो दाराबाहेरून वाटत नव्हता. पोत्यांमधल्या पायवाटेने थेट आत आल्यासारखा. "तुमचंच हाये ना हे...?"

सुरभी उठली. सासूने वरणाने माखलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. नुसती मान हलत होती, नाई, नाई. सुरभीने एकेक बोट सोडवलं. धीरजकडे पाहिलं. तो ताटात बघत होता.

पोत्यांना पाठ न लावता, सरळ, ती दारापर्यंत गेली. कुबट सरकीचा वास दाट होत गेला. तिने कडी काढली.

ओट्यावर सामान नव्हतं. एक पोतं नाही, एक डबा नाही. उन्हाच्या झळांमध्ये तिला आधी पाय दिसले, म्हातारे, भेगाळलेले, ओले. भाजणाऱ्या फरशीवर त्यांच्याखाली पाणी साचलं होतं आणि आटत नव्हतं. लुगडं हिरवं. मान खाली. या वेळी दोन्ही हात रिकामे वाटले. मग लुगड्याच्या मागे खालच्या बाजूला काहीतरी हललं, आणि म्हातारीने एक हात मागे नेऊन ते हळूच पुढे आणलं.

सुरभी बराच वेळ दारात उभी होती. स्वयंपाकघरात बसलेल्यांना तिचा आवाज ऐकू आला, शब्द नाहीत. ती हळू आवाजात काही विचारत होती, थांबत होती, पुन्हा विचारत होती. मग दार लागल्याचा आवाज. पण पावलं एकट्या माणसाची नव्हती. ती पायवाटेने आत आली, ओली, चपचप वाजणारी, आणि मागच्या खोलीकडे वळली. तिथे थांबली.

सुरभी एकटीच स्वयंपाकघरात आली. तिने मांडणीवरून एक ताट काढलं. मग एक छोटी ताटली काढली, पोरांना देतात तशी. दोन्ही पदराने पुसली. तिने मनकर्णाबाईंकडे पाहिलं नाही, नत्थूजींकडेही नाही; पानांच्या मधोमध, जमिनीकडे बघत, सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलली.

"सामान काई आनलं नाई आज आत्यानं. एक पोट्टी आनली, बोटाले धरून. हे बी याच घरातून टाकलं होतं म्हनते, तिले टाकाच्याबी आधी. मी पोट्टीले नाव पुसलं, त नाव नाई म्हनते, ठेवाच्या आधीच बाहेर काढलं. मी दोघीले या म्हनलं. बाबा, जरा सरकून बसा. आई, तुमीबी. जागा करा."